कौलाचं साल

आमच्या आजीला सनावळी कधीच पाठ नव्हती. ती काळ सांगायची तो माणसांच्या आणि जिनसांच्या आधारानं. "हॉलंडाचे बटाटे यायचे तेव्हा" म्हणजे भारतानं नाकेबंदी केली आणि पोर्तुगीज सरकार बोटीनं परमुलखाचं सामान आणू लागलं तो पन्नाशीतला काळ. "पाखले पळाले तेव्हा" म्हणजे १९ डिसेंबर १९६१. पाखले म्हणजे गोरे शिपाई, हे गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. आणि "कौलाच्या वेळेला" म्हणजे १९६६ची चवथ ते १९६७चा शिमगा. बाकीचे काळ सांगताना ती भाजी चिरत असायची, तांदूळ निवडत असायची. कौलाचं बोलायला लागली की तिचे हात थांबत.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. म्हणजे यातलं थोडं मी पाहिलेलं, पुष्कळसं ऐकलेलं, आणि कुठलं कुठे संपतं ते आता माझं मलाच सांगता येत नाही. आत्याचं आणि माझ्या थोरल्या भावाचं अजून एकमत नाही की प्रचाराची गाणी लाउडस्पीकर लावलेल्या जीपमधून यायची की ट्रकमधून. मला बैलगाडीही आठवते, आणि ती दोघांनाही मान्य नाही.

आमचं गाव बार्देशात, म्हापशापासून पायी तासाभराच्या वाटेवर. वाड्यावर हिंदूंची घरं आणि किरिस्तावांची घरं एकमेकांत मिसळलेली. आमच्या मागच्या दारातून समोर दिसायचं ते तियाचं बाल्कांव, म्हणजे ओसरी. तिया म्हणजे मावशी, पण ती आमच्या नात्यातली नव्हे. तिचा नवरा तारवटी, आठ-आठ महिने बोटीवर. तिची मुलं तिला जी म्हणायची ती म्हणायची, आम्ही मात्र वाड्यावरची सगळी पोरं तिला तियाच म्हणत असू. तिच्या घरी विहीर नव्हती. आमच्या परसात होती, आणि विहिरीचा काठ तियाच्या कळशीनं आमच्यापेक्षा जास्त झिजला असेल.

आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. घराच्या दर्शनी अंगालाच त्यांचं दुकान. तांदूळ, मीठ, मिरची, घासलेट, सुकं नुस्तं, आणि दोरीला टांगलेल्या बिड्यांच्या जुड्या. उधारीची एक लांबट वही होती, तीत मोडीच्या वळणानं लिहिलेली मराठी अक्षरं. सगळ्या वाड्याची सुखदुःखं त्या वहीत सापडत. कुणाच्या घरी साखर जास्त गेली की बारसं, कुणाकडे चहा जास्त गेला की आजारपण.

आता तो कौल म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. गोवा मुक्त झाला आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून दिल्लीच्या हाताखाली राहिला. १९६३च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची निशाणी सिंह, डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाची निशाणी हात. बांदोडकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, मुख्यमंत्री झाले. त्यांचं म्हणणं, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. सिक्वेरांचं म्हणणं, गोव्यानं गोवा राहावं, आणि एवढी मोठी गोष्ट विधानसभेतल्या बहुमतानं ठरवू नये; घरोघरच्या माणसाला विचारा. पुरुषोत्तम काकोडकरांसारख्या काँग्रेसवाल्यांनीही दिल्लीत तोच आग्रह धरला. शेवटी १९६६मध्ये संसदेनं त्यासाठी कायदाच केला. मोजणी-मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, आणि १६ जानेवारी १९६७ ही तारीख ठरली. सरकारी नाव ओपिनियन पोल. लोक म्हणायचे जनमत कौल. विलिनीकरण हवं तर फूल, संघप्रदेश हवा तर दोन पानं. बस, एवढंच. गावातल्या भिंती पाहता पाहता फुलांनी आणि पानांनी भरून गेल्या.

आमचे आबा फुलाचे. अगदी हाडाचे. त्यांना फुलाचं का वाटायचं हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि ते कळल्यावर त्यांच्यावरचा माझा लोभ वाढला. त्यांचे वडील मुंडकार. म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा माणूस. घर आपलं, पण घराखालची माती भाटकाराची. भाटकाराच्या घरी सण असला, लग्न असलं की बिनपैशांनी राबायचं. नाही म्हटलं तर "खोप मोड" असा निरोप. आबांच्या लहानपणी एकदा तसा निरोप आला होता. पावसाळ्यापूर्वी की ऐन पावसात, ते आजीला नक्की सांगता येत नसे, पण पणजीनं सगळी भांडी परसातल्या फणसाखाली मांडून ठेवली होती, ही एक गोष्ट तिनं सासूकडून शंभरदा ऐकलेली. शेवटी कुणीतरी मध्यस्थी केली आणि घर टिकलं. तो भाटकार किरिस्ताव होता असं मला लहानपणी उगाचच वाटे. नव्हता. तो हिंदूच होता. भाटकार दोन्ही धर्मांचे होते, आणि मुंडकारही.

तर अशा माणसाला बांदोडकर म्हणजे काय वाटत असतील! बहुजन समाजातला माणूस पहिल्यांदा खुर्चीवर बसला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४मध्ये कुळांचा कायदा आला. आबांचं मन सरळ होतं: गोवा वेगळा राहिला तर आज ना उद्या भाटकारांचं राज्य परत येईल, महाराष्ट्रात गेलो तर येणार नाही. त्यात भाषेची माया. घरी बोलायची कोंकणी, पण पोथी मराठी, कीर्तन मराठी, वही मराठी, चवथीची आरती मराठी. पोर्तुगीज अमदानीत त्यांना अक्षर ओळख झाली ती कुणाच्या तरी पडवीत धुळाक्षरं गिरवून. ती भाषा त्यांना आईसारखी नसेल, पण गुरूसारखी होती.

आणि आमचे आतोबा दोन पानांचे. तेही हाडाचेच.

आत्याचं सासर मडगावला. आतोबा शाळामास्तर, बारीक अंगाचे, खादी घालणारे, १९४६ला राममनोहर लोहियांची मडगावची सभा पोरवयात झाडावर चढून पाहिलेले. (झाडावर चढल्याचं ते सांगत, आत्या म्हणते, त्यांना साधं जिन्यावर चढलं तरी घेरी यायची.) ते 'राष्ट्रमत' वाचायचे. चंद्रकांत केणी संपादक असलेलं ते मडगावचं दैनिक मराठी होतं आणि विलिनीकरणाच्या विरुद्ध लढत होतं. त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर आतोबा मोठ्यानं वाचत. त्यांचं म्हणणंही सरळ होतं. महाराष्ट्रात गेलो तर आपण एका मोठ्या राज्याचा एक छोटा जिल्हा होऊ. इथली भाषा, इथल्या नोकऱ्या, इथला दर्या, सगळ्याचा निवाडा मुंबईला होईल. मुक्तीनंतर डेप्युटेशनवर आलेल्या बाहेरच्या अधिकाऱ्यांचा कचेऱ्यांमधून जो तोरा लोकांनी पाहिला होता, त्याची चीड त्यांच्या बोलण्यात असायची. मराठीवर त्यांचा राग नव्हताच. शाळेत ते मराठीच शिकवत.

तियाचं कारण आणखी निराळं. तिला भाषा-बिषा काही पडलेली नव्हती. महाराष्ट्रात दारूबंदी होती, आणि तिचा भाऊ रेंदेर, माडावर चढून सूर काढणारा. दारूबंदी आली तर त्यानं काय करायचं? शिवाय पाद्रीच्या देवळात लोक काळजीनं बोलत होते की एवढ्या मोठ्या राज्यात आपण चिमूटभर माणसं, आपल्याला कोण विचारणार. हे भय खरं होतं. आबांचं भयही खरं होतं. इतकी वर्षं विचार करून मला एवढंच दिसतं की त्या साली गोव्यात लबाड माणसं फार थोडी होती आणि भ्यालेली माणसं पुष्कळ होती, आणि दोन्हीकडचे पुढारी त्या भयालाच हाक मारत होते.

पहिली ठिणगी आमच्या घरात पडली ती १९६६च्या चवथीला. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा. आत्या-आतोबा, मुलं, मुंबईहून धाकटे आजोबा, सगळे जमलेले. मुंबईच्या आजोबांचा जीव सगळ्यांत जास्त तगमगत होता, कारण त्यांना मत नव्हतं. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोंयकारांना या कौलात मत द्यायला मिळालं नाही. धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोव्याच्या क्लबांत, राहणारे हजारो तारवटी, गिरगावातले आमचे लोक, सगळे नुसते बघत बसले. मत नसलेला माणूस दुप्पट बोलतो. धाकटे आजोबा अत्र्यांच्या 'मराठा'तलं पाठ करून आलेले.

पंचमीच्या दुपारी पंगत बसली होती. आजीचं खतखतं त्या दिवशी असायचं. सुरण, काटेकणगी, नीरफणस, मक्याचे तुकडे, तोरीची डाळ, वर तिरफळ ठेचून घातलेलं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नेवऱ्या, मुगागाठी. धाकट्या आजोबांनी भाताचा पहिला घास घेतला आणि म्हणाले की दोन पानांवाले म्हणजे पोर्तुगिजांचे उरलेले. आतोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले. आतोबा तेव्हा म्हणाले, "मी तुरुंगात गेलो नसेन, पण तुम्ही तरी कुठे गेला होतात?" हे वाक्य नक्की असंच होतं याची मला खात्री नाही; भाऊ म्हणतो त्याहून बोचरं होतं. आजी परातीतून भात घेऊन आली आणि म्हणाली, "हें घर, सभा न्हय." पण तोवर उशीर झाला होता. आबांनी धाकट्या भावाला गप्प करायला हवं होतं. त्यांनी केलं नाही. आतोबांनी पानावर पाणी सोडलं, उठले, हात धुतले, देवाला नमस्कार केला, आणि तीनच्या बसनं मुलांना घेऊन मडगावला गेले. विसर्जनाला आत्या एकटी होती.

त्यानंतरचे चार महिने दुकान निम्मं झालं. कुणी काही बोललं नाही. किरिस्तावांची घरं म्हापशाला शुक्रवारच्या बाजारातच सगळं सामान भरू लागली, एवढंच. आबांनीही दुकानाच्या फळीवर फूल रंगवलं होतं, ते पुसलं नाही. पोदेर पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत यायचा, पाव टाकायचा, पण पूर्वी दोन मिनिटं थांबून बिडी ओढायचा, ती बिडी बंद झाली. संध्याकाळी पानांवाल्यांची गाणी यायची. उल्हास बुयांवांचा आवाज, मनोहरराय सरदेसायांची कोंकणी गीतं. आणि दुसऱ्या दिवशी फुलवाल्यांची भजनी मंडळी. आम्हा पोरांना दोन्हीकडची पाठ होती. तियाची पोरं आणि आम्ही मागच्या परसात दोन्हीकडची गाणी एकापाठोपाठ एक म्हणत असू, आणि कुणी मोठं माणूस आलं की पळत असू.

विहिरीची गोष्ट याच दिवसांतली, आणि ती मी स्वतः पाहिलेली. डिसेंबर असावा, कारण थंडी होती आणि तियाकडे नाताळाच्या दोदोलासाठी नारळ किसणं चाललं होतं. फुलाकडची चार तरणी मुलं आली. त्यातला एक आमच्याच भावकीतला. आबांना म्हणाली, पानांच्या घरांना आपल्या विहिरीचं पाणी कशाला? आबा गप्प राहिले. मला वाटतं त्यांना ते पटलं नव्हतं, पण आपल्याच बाजूच्या माणसांना नाही म्हणायला फार बळ लागतं. आजी मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बांय कोणाक मत दिना." विहीर कुणाला मत देत नाही. आणि मग, बहुधा मुलांना अजून उभी पाहून, स्वतः राजू-कळशी घेऊन गेली, पाणी शेंदलं आणि तियाच्या बाल्कांवावर नेऊन ठेवलं. ती एरवी कधीच तियाचं पाणी भरत नसे. तियाला काय चाललंय ते कळलं होतं की नाही, देव जाणे. नाताळाला तिची थाळी आली, दोदोल, बिबिंक, नेवऱ्या, रुमालानं झाकलेली, आणि आबांनी त्यातलं काही खाल्लं नाही. हेही मी पाहिलं.

आजी शाळेत गेली नव्हती. तिच्या बोलण्याला मी आता तत्त्वज्ञान वगैरे म्हणणार नाही; तिला म्हापशाची सायबीण, किरिस्तावांची माता, ठाऊक होती आणि शिरगावची लईराई, आमची देवी, ठाऊक होती, आणि त्या दोघी बहिणी, हे तिला जन्मापासून माहीत होतं. सायबिणीच्या फेस्ताला लईराईकडून तेल जायचं आणि इकडून तिकडे मोगरीची फुलं, असं ती सांगायची. फेस्ताला आम्ही सगळे जायचो, मेणबत्ती लावायचो, चणे-खाजं घेऊन परत यायचो. ज्या बाईच्या देवींचं असं घरोब्याचं येणंजाणं, तिला पाणी तोडणं म्हणजे काय वाटलं असेल ते समजायला शाळा लागत नाही.

१६ जानेवारीला मतदान शांततेत झालं. आमच्या गावात झालंच, पण बहुतेक सगळीकडे झालं. ८१ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून नेलं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी गोवा वेगळा राहिला. साष्टी पानांकडे तुटून पडली होती. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा फुलाकडे. आमचं बार्देश मध्ये चिरलेलं. विचार करा, दहातली साडेपाच माणसं एकीकडे, साडेचार एकीकडे, आणि दोघांनाही वाटतंय की दुसरे जिंकले तर आपण संपलो.

निकालाच्या दिवशी आबांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. रस्त्यावरून मिरवणूक गेली, फटाके, पानांच्या डहाळ्या. तियाचा थोरला मुलगा त्यात होता. आमच्या दारासमोर आल्यावर कुणीतरी जोरात ओरडलं आणि कुणीतरी त्याला पुढे ढकललं. कोण ओरडलं, कोणी ढकललं, यावरही घरात दोन मतं आहेत. दारावर काही फेकलं नाही कुणी. एवढं मात्र सगळे सांगतात.

मग आठवड्याभरात आबांचे थोरले बंधू वारले. बरेच दिवस आजारीच होते. पौषातली रात्र, घरातले पुरुष खचलेले, सरणाला लाकूड हवं. परसातला आंबा तोडायला सकाळी सकाळी कुऱ्हाड घेऊन आला तो तियाचा भाऊ, रेंदेर. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्याबरोबर पोदेर. मिरवणुकीतला तो थोरला मुलगाही आला आणि लाकडं वाहून नेऊ लागला. आबा उंबऱ्यावर बसले होते. आजी सांगायची, त्यांनी मान वर केली नाही, पण पोदेराला बसायला पाट सरकवला. पुढे कधीतरी सकाळच्या बिड्या परत सुरू झाल्या. कधी, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मोठ्या गोव्यातही असंच काहीसं झालं, आणि ते मला आजही नवलाचं वाटतं. मार्चअखेरीस विधानसभेची निवडणूक झाली आणि विलिनीकरण हरलेल्या बांदोडकरांनाच लोकांनी पुन्हा निवडून दिलं. तेच मतदार, तीच गावं, अडीच महिन्यांचंही अंतर नाही. पुष्कळांनी जानेवारीत पानं आणि मार्चमध्ये सिंह असं केलं असलं पाहिजे, त्याशिवाय हिशेब जमत नाही. भाऊंचं कुळकायद्याचं राज्य हवं होतं आणि गोवाही हवा होता. आबांची भीती त्या मार्चमध्ये विरली. हरलो तरी आपण उरलो, एवढं त्यांना कळलं. १९७५मध्ये मुंडकारांचा कायदा झाला तेव्हा ते जिवंत होते. भाऊ बांदोडकर मात्र दोन वर्षांपूर्वीच, १९७३च्या ऑगस्टात, गेले होते. कायदा झाला त्या दिवशी आबा घराभोवती एक चक्कर मारून आले, असं आई सांगते. काही बोलले नाहीत.

पण सगळं जुळलं असं म्हटलं तर ती आत्याशी प्रतारणा होईल. १९६७च्या चवथीला ती आली नाही. आतोबांनी अडवलं नव्हतं; आबांनी बोलावलं नव्हतं. गणपतीवरची माटोळी बांधताना आजी दर थोड्या वेळानं रस्त्याकडे बघायची हे मला आठवतं. १९६८लाही नाही. पंचविशीतली बाई, माहेर दोन तासांच्या बसवर, मधे जुवारी आणि मांडवी, आणि दोन पुरुषांचा हट्ट. तो कसा सुटला याच्या दोन हकिगती आहेत. एक अशी की आबा आजारी पडले आणि आतोबा स्वतः गोमेकॉच्या इस्पितळात डबा घेऊन गेले. दुसरी अशी की आजीनं एकटीनं बस धरली, मडगावला जाऊन जावयाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला भूक लागली आहे. मला दुसरी खरी वाटते. आत्या म्हणते दोन्ही खऱ्या, क्रम तेवढा विसरले.

त्या सगळ्यात आत्याला स्वतःला काय वाटत होतं, हे तेव्हा कुणीच तिला विचारलं नाही. बापानं धरलं की ती फुलाची, नवऱ्यानं धरलं की ती पानांची. पुढे मी विचारलं. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, दात नाहीत, पण डोळे तसेच. म्हणाली, "मत द्यायच्या त्या खोलीत मी पहिल्यांदा एकटी होते गं." आणि पुढे सांगितलं नाही.

यानंतरचं १९८६ मला जास्त नीट आठवतं, कारण तेव्हा मी स्वतः शिकवत होते. राजभाषेचा प्रश्न. पुन्हा कोंकणी आणि मराठी. या खेपेला कौल नव्हता, रस्ता होता. झाडं पाडून रस्ते अडवले, टायर पेटले, बसगाड्या फोडल्या, डिसेंबरात माणसं मेली. १९८७च्या फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला, मे महिन्यात गोवा राज्य झालं, पण त्या हिवाळ्यात मी शाळेच्या शिक्षकखोलीत जी शांतता अनुभवली तशी १९६७ला घरात नव्हती. तेव्हा भांडण होतं. इथे माणसं एकमेकांना टाळत होती. वीस वर्षांत काय बदललं होतं? घराघरात नळ आले होते. पोदेराच्या दारावर येण्याला दुकानातल्या पाकिटातल्या पावाची जोड मिळाली होती. उधारीची वही आबांबरोबर गेली. मी नळाला दोष देत नाही. आजीच्या मनगटांची दुखणी मी पाहिली आहेत. पण शेजाऱ्यावाचून अडेनासं झालं की त्याच्याविषयी वाईट ऐकून घेणं सोपं होतं, हे मी त्या हिवाळ्यात पाहिलं आणि अजूनही पाहते आहे.

आज आमच्या घराण्याचा फोनवर एक गट आहे. मडगाव, म्हापसा, पुणे, दुबई, लिस्बन. लिस्बनचा मुलगा आतोबांचा नातू. दर निवडणुकीला त्यात कुणीतरी कुणाला देशद्रोही म्हणतं, कुणीतरी कुणाला आंधळा भक्त, आणि कुणीतरी गट सोडून जातं. १९६६च्या पंगतीत धाकटे आजोबा जे बोलले त्याहून कितीतरी वाईट शब्द मी तिथे वाचले आहेत. फरक हा की धाकट्या आजोबांना तोच भात पुन्हा त्याच घरात खायचा होता. चार दिवस त्यांना आजीच्या डोळ्यांसमोर वावरावं लागलं, आत्या रडलेली पाहावी लागली, आणि पुढे मरेपर्यंत ते वाक्य त्यांना मनातून खात राहिलं, हे त्यांच्या मुलीनं मला सांगितलं. फोनवर लिहिणाऱ्याला कुणाचं रडणं दिसत नाही. मला खरी भीती मतभेदांची नाही. आबा आणि आतोबा मरेपर्यंत एकमेकांशी सहमत झाले नाहीत. दर १६ जानेवारीला आता अस्मिताय दीस पाळतात. भाऊ बांदोडकरांचा पुतळा विधानसभेच्या आवारात आहे आणि सिक्वेरांचाही असावा की नको यावर अजून वाद होतो. होवो. वाद घालायला दोन माणसं समोरासमोर उभी राहावी लागतात. मला भीती वाटते ती हरलेल्याला उरायला जागा न ठेवण्याची, मग तो देशात असो की गटात, आणि ज्याचं आपल्यावाचून आणि आपलं ज्याच्यावाचून काहीच अडत नाही अशा शेजाराची.

तियाचं घर तिच्या मुलांनी विकलं. ती मुलं इंग्लंडला, पोर्तुगालचे पासपोर्ट काढून गेली. घर घेतलं उत्तरेकडच्या एका कुटुंबानं. नवरा-बायको दोघंही संगणकावर काम करतात, एक लहान मुलगी आहे. मध्ये उंच कुंपण आलं. वर्षभर मला त्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती, आणि वाड्यावर लोक त्यांच्याबद्दल जे बोलत ते मी ऐकून घेत होते. गेल्या चवथीला मात्र मी भाचीला पाठवून त्यांना जेवायला बोलावलं. ती तिघं आली. बाईंना काय आणावं कळेना, मग त्या एक मोठा डबाभर मिठाई घेऊन आल्या, माव्याची, चांदीचा वर्ख लावलेली. आत्यानं दात नसताना दोन खाल्ल्या. त्यांचं मत कुणाला असतं हे मी विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की या भाजीत हे काळं, जिभेला झिणझिण्या आणणारं काय आहे. तिरफळ, मी म्हटलं. दुकानात मिळेल का? दुकानातलं जुनं असतं, म्हटलं. शुक्रवारी म्हापशाला माझ्याबरोबर चला, कुठल्या बाईकडून घ्यायचं ते दाखवते. त्या पिशवी घेऊन आल्या, मी सांगितल्यापेक्षा अर्धा तास लवकर, आणि बसमध्ये सगळी वाट मुलीच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या.